डांबराखालचा नंबर

"गंज काढला गं. गंज काढणं पाप हाय का?"

"गंज नाही काढलात, आप्पा. नंबर काढलात."

"लोखंडाच्या पट्टीवर कोण नंबर लिहितं? नंबर पुढं असतो, मागं असतो. दोन्ही पाट्या हायत का नाय जागेवर?"

"तो वेगळा. हा छासीवर, गाडीच्या खालच्या सांगाड्यावर ठोकलेला असतो. गाडी कारखान्यातून बाहेर पडायच्या आधी."

"मग ते मला कोणी सांगायचं?"

"विचारलं असतंत तर मीच सांगितलं असतं."

"तू तेव्हा पुण्याला व्हतीस."

"पुण्यात फोन लागतो, आप्पा."

"म्हंजे मी फोन करून विचारायचं, की बाई, तुझ्या गाडीचं थोडं भलं करायचं मनात हाय, करू का?"

"हो. तेच विचारायचं."

हे सगळं पोपट ठोंबरे दोन पायांशी बोलत होते. बाकीची हर्षला, त्यांची लेक, लाल व्हॅनच्या खाली होती. अधूनमधून एक हात बाहेर यायचा, थिनरच्या डब्यात फडकं बुडवायचा आणि परत आत जायचा. दुपारपासून ती छासीवरची तीच वीतभर जागा पुसत होती. पुसून तिथं काही उगवणार नाही, हे तिलाही कळत होतं.

अंगणात व्हॅनच्या दोन्ही अंगांना कडवे वाल वाळत घातले होते. पारू, हर्षलाची आई, सुपात खडे निवडत बसली होती. ती वर न बघता म्हणाली, "भांडा, पण जरा पलीकडं सरून. वाल तुडवताय."

"तू गप गं पारू. इथं माझ्यावर गुन्हा दाखल होतोय."

"होऊ नये म्हणूनच लेखी द्यायचंय," गाडीखालून आवाज आला. "कोणी घासला, का घासला, एवढंच. तुमची सही. मग पोलिसांचा दाखला. मग ते नंबर परत ठोकायची परवानगी देतात."

"मी लेखी देणार नाय."

"तुम्हीच करायला लावलंत ना?"

"लावलं असंल. पण कडावचा पोपट ठोंबरे साठ वर्षांत पोलीस ठाण्याची पायरी चढलेला नाय, आणि तुझ्या या डब्यासाठी चढणार नाय."

पाय हलले नाहीत. हात मात्र बाहेर आला, थिनरच्या डब्यात फडकं बुडवून परत आत गेला.

*

हर्षला पंचवीस वर्षांची. खालापूरजवळच्या एका कारखान्यात पंपाचे भाग तपासते. प्रत्येक भागावर नंबर ठोकलेला असतो. तो भिंगातून बघायचा, शंका आली तर बोटानं चाचपायचा आणि कागदावर खूण करायची. नंबर पुसट असेल तर माल परत. या कामात तिचा हात इतका बसलाय की लग्नाच्या पंगतीतसुद्धा ताटाच्या कडेवर ठोकलेलं नाव ती अंगठ्यानं चाचपून बघते. शेजारी बसलेल्याला वाटतं, ताट नीट धुतलेलं नाही म्हणतेय.

व्हॅन तिनं तीन वर्षांपूर्वी लिलावात घेतली. टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या गाड्या रांगेनं उभ्या होत्या. बाकीचे लोक प्रत्येक गाडीभोवती फिरून वजनाचा अंदाज घेत होते. पत्रा किती, इंजिन किती, टायर विकले जातील का. हर्षला एका छोट्या व्हॅनचं मागचं दार उघडून आत चढली आणि बाहेरच येईना. आत एका बाजूला लाकडी खणांची मांडणी होती, आणि प्रत्येक खणावर पांढऱ्या रंगात, कुणाच्या तरी वळणदार अक्षरात गावांची नावं: नेरळ, भिवपुरी, कडाव, कशेळे, पळसदरी, चौक. तिनं आपलं गाव बोटानं चाचपलं. तिथल्या तिथे ठरलं.

गाडी घरी आली तेव्हा पोपटराव ओटीवर दाढी करत होते. अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून ते अंगणात आले, गाडीला एक फेरा मारला आणि म्हणाले, "आता चिठ्ठ्या कोण वाटणार? तू?"

त्यानंतर दोन वर्षं त्यांनी गाडीला हात लावला नाही, नावही घेतलं नाही. "तो डबा" म्हणायचे. डबा वालाच्या जागेवर उभा असतो. डब्याखाली कोंबडी अंडी घालते, ती कोणाला सापडत नाहीत. डब्यामुळं पोरगी रविवारी घरात नसते. शेवटची तक्रार खोटी होती. ती रविवारी घरातच असायची, फक्त डब्यात.

त्या दोन वर्षांत तिनं काय केलं ते सांगायला लागलं तर तिला तास पुरत नाही. टपालाच्या पिशव्यांसाठी ड्रायव्हरच्या मागे लोखंडी जाळी होती, ती काढून त्याचंच घडीचं टेबल केलं. प्लायवूडचा पलंग, खाली सामानाची पेटी. छपरावर सोलरचं पॅनेल. खणांची मांडणी मात्र होती तशी ठेवली, फक्त पॉलिश केलं. आता तिथं चिठ्ठ्यांऐवजी बरण्या आणि हत्यारं असतात. त्यामुळं तिच्याबरोबर गाडीतून जाणाऱ्या माणसाला असलं काहीतरी ऐकून घ्यावं लागतं:

"साखर कुठाय?"

"भिवपुरीत."

"आणि चहा पावडर?"

"नेरळात. कशेळ्यात हात घालू नकोस, तिथं स्क्रू आहेत."

रंग तिनं बदलला नाही. खात्याची अक्षरं काढून टाकली, पण बारा वर्षं ऊन खाल्लेल्या पत्र्यावर अक्षरांच्या जागचा लाल रंग गडदच राहिला. सकाळच्या तिरक्या उन्हात ती अजून वाचता येतात. भिसेगावात एकदा इंदूबाई नावाच्या आजींनी काठी आडवी घालून गाडी थांबवली.

"माझ्या नातीचं आधार आलं का गं?"

"आजी, ही आता टपालाची गाडी नाही."

"मग लाल कशाला?"

"मला आवडतो म्हणून."

"तुला आवडतो ठीक हाय. पण लोकांनी वाट बगायची का नाय?"

हर्षलानं नातीचं नाव लिहून घेतलं, पोस्टात जाऊन विचारलं आणि परत येऊन आजींना सांगितलं की कार्ड अजून आलेलं नाही. आजी म्हणाल्या, "बघ, हायेस ना टपालवाली."

कागदपत्रांत ती तितकीच चोख. गाडी मालवाहू होती, ती कर्जतच्या कमलेशकडून खासगी करून घेतली. कमलेश हा आरटीओची कामं करणारा एजंट. त्या वेळी त्यानं छासीवरच्या नंबरावर कागदाची पट्टी ठेवून पेन्सिल घासली होती. आकडे कागदावर उमटताना हर्षला गाडीखाली डोकं घालून बघत होती. "काय सुंदर येतंय," ती म्हणाली. कमलेश म्हणाला, "ताई, वीस वर्षं हे काम करतोय. सुंदर म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

बाकी एकच शत्रू होता, गंज. या भागात चार महिने पत्रा वाळतच नाही. आज पॅच मारावा तर पुढच्या श्रावणात शेजारची जागा फुगून येते. म्हणून इथं मे महिन्यात घरोघर डांबर निघतं. गोठ्याच्या खांबांचा जमिनीलगतचा हातभर भाग, फाटकाची कडी, वाड्याच्या कुंपणाचे लोखंडी अँगल, सगळ्यांना एक हात. आणि या कामात पोपटरावांचा हात धरणारा आख्ख्या कडावात नाही, असं ते स्वतः सांगतात आणि बाकीचे मान्य करतात. त्यांचा नियम असा की आधी लोखंड पांढरं करायचं. खड्डा, उंचवटा, जुना रंग, काही ठेवायचं नाही. खड्डा राहिला की त्यात पाणी राहतं, आणि पाणी राहिलं की डांबर खालून सुटतं. त्यांच्या गोठ्याच्या खांबाला पन्नास वर्षं झाली. अजून हलत नाही.

गेल्या मे महिन्यात हर्षला कारखान्याच्या प्रशिक्षणासाठी दोन आठवडे पुण्याला गेली. गाडी अंगणात. परत आली तर गाडी जॅकवरून नुकतीच उतरवलेली, आणि खालून पार काळी. पुढच्या बंपरपासून मागच्यापर्यंत, चाकांच्या मागच्या बाजूला, जिथं तिचा स्वतःचा ब्रश कधी पोचला नव्हता तिथंसुद्धा, गुळगुळीत, एकसारखं डांबर. ती गुडघ्यावर बसून बघत राहिली. पोपटराव गोठ्याच्या दारात पाठमोरे उभे होते.

"तुम्ही केलंत?"

"गोठ्यातलं उरलं व्हतं."

एवढंच. पण ती पुढचे दहा महिने सगळ्यांना सांगत सुटली होती. कारखान्यात, मैत्रिणींना, कमलेशला, पेट्रोल पंपावरच्या मुलीलासुद्धा. आप्पांनी माझ्या गाडीला डांबर मारलं. आपणहून.

*

आज, शुक्रवारी सकाळी ती गाडी घेऊन आरटीओच्या तपासणीला गेली होती. गाडीला येत्या बुधवारी पंधरा वर्षं पूर्ण होतात. त्याच्या आत तपासणी होऊन नोंदणी वाढवून घ्यायची असते. दिवे, ब्रेक, हॉर्न, धूर, सगळं एका फटक्यात पास. साहेबांनी खणांची मांडणी बघितली, हसले, "पळसदरीत काय ठेवलंय?" विचारलं. मग खाली वाकले.

"छासी नंबर दाखवा."

"हो साहेब, उजव्या पट्टीवर. डांबराखाली आहे, एक मिनिट."

तिनं थिनरनं पुसलं. डांबर गेलं. खाली लोखंड चकचकीत. तिनं बोट फिरवलं. तिचं बोट चुकत नाही. एकही आकडा नाही, आकड्याची सावलीही नाही. ती दुसऱ्या बाजूला गेली, तिथंही पुसलं, जणू नंबर दहा महिन्यांत सरकत सरकत तिकडं गेला असेल.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी इंजिन नंबर ताडून पाहिला, जुळला. कमलेशनं फाईलमधला पेन्सिलचा ठसा पुढं केला.

"ठसा बरोबर आहे," साहेब म्हणाले. "पण तो कागदावर आहे. मला लोखंडावर लागतो. नंबर घासलेली गाडी म्हणजे आमच्या दृष्टीनं काय, ते तुम्हाला सांगायला नको."

"साहेब, चोरीची नाही हो ती. लिलावात घेतलीय. वडिलांनी प्रेमानं डांबर मारलं."

"मग वडिलांकडून तसं लेखी आणा. प्रेमानं नाही लिहिलं तरी चालेल."

बाहेर चहाच्या टपरीवर कमलेशनं तिला नीट समजावलं. ज्यानं नंबर घालवला त्याचं लेखी निवेदन हवं, ते घेऊन त्यानं स्वतः पोलीस ठाण्यात जायचं, तिथून दाखला मिळाला की सोमवारी अर्ज टाकता येईल. सोमवारी पडला तरच बुधवारच्या आत त्याची नोंद होते, आणि मग गाडीचं पुढं काहीतरी होऊ शकतं.

"आणि नाही पडला तर?"

"बुधवारनंतर ती रस्त्यावर आणायची नाही. आणि नंबर नसलेली गाडी एकदा अंगणात बसली ना ताई, की परत उठलेली मी तरी बघितली नाही. भंगारवाला घेऊन जातो. तोही कटकट करतो, नंबर नाही म्हणून."

तीच गाडी घेऊन ती दुपारी घरी आली, आणि पोपटरावांनी विचारलं होतं, "झाला का पास डबा?"

*

शनिवारी दोघं एकमेकांशी पारूमार्फत बोलले.

"आई, यांना सांग, सोमवारपर्यंतच वेळ आहे."

"पारू, हिला सांग, वेळ माझ्याकडं बी नाय."

"मी इथं वाल सोलायला बसलेय," पारू म्हणाली, "माझं पोस्ट करू नका."

त्यावर दोघांनाही हसू आलं असतं. एरवी आलं असतं.

पोपटरावांची अडचण खोटी नव्हती. सहा वर्षं ते गावच्या तंटामुक्त समितीचे अध्यक्ष आहेत. बांध कोणी कोरला, पाणी कोणी वळवलं, कोणाच्या म्हशीनं कोणाचा वाल खाल्ला, असले तंटे त्यांच्या ओटीवर येतात आणि ओटीवरच मिटतात. गावातलं एकही भांडण त्यांनी ठाण्यात जाऊ दिलेलं नाही. लोकांना ते एकच सांगतात: तिथं कागदावर नाव चढलं की उतरत नाय, इथं चहा पिऊन घरी जाता येतं. आता त्यांनीच ठाण्यात जायचं आणि लिहून द्यायचं की मी नंबर घालवला. चौकात बसणाऱ्यांना पुढची दोन वर्षं पुरेल इतकी मजा.

हर्षलाला हे कळत होतं. कळत होतं म्हणूनच जास्त चीड येत होती. एखादा माणूस वाईट असता तर त्याच्यावर नीट ओरडता तरी आलं असतं.

शनिवारी संध्याकाळी जेवताना पोपटराव भिंतीकडं बघून म्हणाले, "तुझ्याच कारखान्यात नंबर नसलेला माल परत पाठवतेस ना? मग हा पाठव."

तिनं ताट सारलं. "परत कुठं पाठवू? पोस्टात?"

"तुझी मर्जी."

थोड्या वेळानं तेच पुढं म्हणाले, "उद्या चार वाजता बसू. मी नाक्यावरच्या गजाला बोलावलंय. मिटवून टाकू."

*

पोपटरावांच्या तंट्याची एक पद्धत ठरलेली. ओटीवर सतरंजी. मधल्या खांबाला पाठ लावून अध्यक्ष. डाव्या हाताला एक पक्ष, उजव्या हाताला दुसरा. आधी चहा, मग तंटा, मग परत चहा.

रविवारी चारला सतरंजी पडली. पोपटराव धुतलेला सदरा घालून खांबाला टेकले. उजव्या हाताला गजा बसला. कडावच्या नाक्यावर त्याचं ग्रिल आणि फाटकं बनवायचं शेड आहे. मे महिन्यात गाडीखाली चालला तो ग्रायंडर त्याचा. तिशीचा, अंगानं बारीक, हाताच्या पाठीवर ठिणग्यांचे डाग. चपला काढताना त्यानं दोनदा व्हॅनकडं बघितलं.

हर्षला उभीच राहिली.

"बस की," पोपटराव म्हणाले.

"तुम्ही खांबाला का टेकलात?"

"म्हंजे?"

"तिथं पंच बसतो. या तंट्यात एक बाजू तुम्ही आहात, आप्पा. तुमची जागा समोर आहे."

गजा सतरंजीचा दोरा ओढत राहिला. पारूनं आतून चहा आणला, सगळ्यांच्या पुढं ठेवला आणि सूप घेऊन उंबऱ्यातच बसली. पोपटराव खांबापासून हलले नाहीत.

"आधी चहा घ्या," ते म्हणाले.

चहा झाला. मग त्यांनी घसा साफ केला, आणि आवाज बदलला. हा त्यांचा समितीचा आवाज. पारू त्याला 'माईकचा आवाज' म्हणते.

"हे बघा. नुकसान झालंय, हे मी नाकारत नाय. पोरीनं तीन वर्षं गाडीवर हात चालवलाय, ते मला बी दिसतंय. पण आता कोणाला धरून बसण्यात अर्थ नाय. कागद पायजे, कागद होऊन जाऊ दे. ग्रायंडर कोणाच्या हातात व्हता? गजाच्या. नंबर कोणी घासला? गजानं. मग लिहून कोणी द्यायचं? सरळ हाय. गजा सही करंल, ठाण्यात माझा एक माणूस त्याच्यासंगं जाईल, त्याला काय त्रास होणार नाय. माझी जबाबदारी. दोघांनी थोडं थोडं मागं सरायचं. मिटलं."

"कोण दोघं?" हर्षलानं विचारलं.

"आं?"

"मागं कोण सरलं? तुम्ही तर खांबाला टेकलेलेच आहात."

"हर्षला, बोलू दे मला. गजा, तुझं काय म्हणणं?"

गजानं पेन घेतलं. कागद हर्षलानंच टाईप करून आणला होता: मी, पुढे रिकामी जागा, राहणार कडाव, तालुका कर्जत, जिल्हा रायगड, लिहून देतो की... तो कागद गजानं मांडीवर ठेवला, सरळ केला, परत सरळ केला.

"काका, सही करायला माझी ना नाय," तो म्हणाला. "तुमचं ऐकलं नाय असं कधी झालंय का? पण ठाण्यात साहेब विचारंल, नंबर दिसला नाय का रं तुला. मग मी काय सांगू?"

"सांग नाय दिसला. गंज व्हता."

"पण दिसला व्हता ना."

पारूचा हात सुपातच थांबला.

"काय दिसला व्हता?" पोपटराव म्हणाले.

"आकडे, काका. गंज निघाला तसे वर आले. मी ग्रायंडर बंद केला. तुमाला हाक मारली. तुमी वाकून बघितलं. मी म्हणलं, काका, हे काय लिवलंय, राहू देऊ का?"

गजा हर्षलाकडं न बघता पुढं बोलत राहिला, हळू, जणू सही करण्याआधी मजकूर तपासून घेत होता.

"तुमी म्हणलात, कंपनीचं कायतरी असंल, खड्डे राहिले तर पाणी बसंल, डांबर धरणार नाय. घास. म्हणून मी घासला. डांबर तर बघा, अजून हललेलं नाय."

हर्षला वडिलांकडं बघत होती. परवा अंगणात ते म्हणाले होते, लोखंडावर कोण नंबर लिहितं. तीन दिवस तिनं निदान एवढं तरी धरून ठेवलं होतं की त्यांना दिसलाच नव्हता.

"आप्पा?"

पोपटराव चहाच्या रिकाम्या कपात बघत होते. "बारीक आकडे व्हते," ते म्हणाले. आवाज आता समितीचा नव्हता. "कोणाला काय कळतंय त्यातलं. चांगलं व्हावं म्हणूनच केलं ना."

"मला माहितीये चांगलं व्हावं म्हणून केलंत. मी दहा महिने गावभर तेच सांगत फिरलेय."

"मग?"

"मग तेच लिहा. चांगलं व्हावं म्हणून केलं. एक वाक्य आहे. खाली सही."

"गज्याला काय होणार नाय, मी सांगतो ना. मी हाय."

"तुम्ही आहात तर तुम्हीच जा ना. त्याचं शेड रस्त्याला लागून आहे, त्याच्याकडं रोज दहा जणांचं लोखंड येतं. उद्या कुठल्याही गाडीचा नंबर गेला की पहिलं नाव त्याचं निघेल. नाव चढलं की उतरत नाय. कोण म्हणतं हे?"

पोपटरावांनी रिकामा कप सतरंजीवर ठेवला.

"ताई, राहू दे," गजा म्हणाला. "मी करतो सही. तुझी गाडी जाईल."

तो खरंच करणार होता. पेनाचं टोपण त्यानं काढलं होतं. हर्षलाला एक क्षण, अगदी एक, वाटलं की करू दे. सोमवारी अर्ज पडेल, नंबर परत ठोकला जाईल, साखर भिवपुरीतच राहील. तिनं व्हॅनकडं बघितलं. उन्हाची तिरीप पत्र्यावर पडली होती आणि पुसलेली अक्षरं दिसत होती.

ती खाली बसली. गजाच्या मांडीवरून कागद उचलला, त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि रिकाम्या जागेत, कारखान्यातल्या तक्त्यात लिहिते तशा सुट्या, ठळक अक्षरांत लिहिलं: पोपट येसाजी ठोंबरे. मग कागद फिरवून खांबाकडं सरकवला. पेन त्यावर आडवं ठेवलं.

"गाडी जाईल तर जाईल," ती म्हणाली. "पण जायची असेल तर तुमच्या नावानं जाईल. राहायची असेल तरी तुमच्याच. उद्या दहाला मी ठाण्याच्या बाहेर उभी असेन. पायरी चढताना सोबत येईन. येणार का?"

पोपटरावांनी आपलं नाव वाचलं. चष्मा नव्हता, तरी वाचायला वेळ लागावा इतकं ते मोठं नव्हतं. मग पेनाला हात न लावता त्यांनी खांबाचा आधार घेतला आणि ते उठले. गजा घाईनं उभा राहिला, तंटा संपल्यावर राहतात तसा.

"आप्पा, मी विचारलंय. येणार का?"

त्यांनी चपला घातल्या. डावी उजव्या पायात गेली, ती काढून नीट घातली. अंगणात उतरले. वालाच्या कडेकडेनं, एकही शेंग न तुडवता, व्हॅनला वळसा घालून फाटकापाशी गेले.

डेअरीला दूध घालायची वेळ झाली होती. भरलेला कॅन ओटीच्या पायरीवर तसाच होता.

"अहो," पारूनं हाक मारली, "कॅन राहिला."

फाटकाची कडी वाजली. ते रस्त्याला लागले होते.